स्टेट कोर्टातला दिवाणी दावा फेडरल कोर्टात कसा न्यायचा: अमेरिकेतल्या मराठी प्रतिवादींसाठी

अमेरिकेत नोकरी किंवा छोटा-मोठा धंदा करणाऱ्या मराठी माणसावर दिवाणी दावा होतो, तेव्हा पहिल्या आठवड्यात कळायला हवी अशी एक गोष्ट बहुतेकांना महिनाभराने कळते. तोवर मुदत उलटलेली असते. ती गोष्ट म्हणजे रिमूव्हल: स्टेट कोर्टात लागलेला दावा काही अटींवर फेडरल कोर्टात नेण्याचा प्रतिवादीचा हक्क.

आमची न्यू जर्सीत मसाले आणि लोणच्यांची छोटी एलएलसी (सभासदांच्या मालकीची, मर्यादित जबाबदारीची कंपनी) आहे. पॅकेजिंगच्या मालावरून पेनसिल्व्हेनियातल्या एका पुरवठादाराने तिथल्या काउंटी कोर्टात आमच्यावर करारभंगाचा दावा लावला. तो आम्ही वकिलामार्फत फिलाडेल्फियाच्या फेडरल कोर्टात नेला. मी वकील नाही. पण या कामातला प्रत्येक कागद मी स्वतः वाचला, वकिलाला प्रत्येक पायरीचं कारण विचारलं, आणि ते इथे क्रमाने लिहितोय. तुम्हीही वकील कराच. हे वाचलेलं असेल तर त्याला पहिल्याच भेटीत नेमके प्रश्न विचारता येतील.

आधी एक मोठा गैरसमज दूर करू. भारतात न्यायव्यवस्था एकसंध आहे. खाली जिल्हा न्यायालय, वर उच्च न्यायालय, त्यावर सर्वोच्च न्यायालय. दावा एका कोर्टातून दुसऱ्यात हलवायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ किंवा २५ खाली अर्ज करावा लागतो आणि कोर्ट हुकूम देईल तेव्हाच बदली होते. अमेरिकेत दोन स्वतंत्र व्यवस्था शेजारी शेजारी चालतात. प्रत्येक राज्याची आपली कोर्टं आणि केंद्राची फेडरल कोर्टं. रिमूव्हलसाठी कोणाची परवानगी मागायची नसते. प्रतिवादी फेडरल कोर्टात नोटीस दाखल करतो, ती समोरच्या पक्षाला कळवतो, तिची प्रत स्टेट कोर्टात देतो, आणि तिथलं काम कायद्यानेच थांबतं. दावा नेण्यासारखा होता की नाही, याचा वाद फेडरल कोर्टात गेल्यानंतर होतो. हे सगळं अमेरिकन संहितेच्या २८ व्या भागातल्या कलम १४४१, १४४६ आणि १४४७ मध्ये आहे. तिन्ही कलमं एकदा वाचून काढा. भाषा वाटते तितकी अवघड नाही.

हा हक्क फक्त प्रतिवादीचा. वादीने स्वतःच स्टेट कोर्ट निवडलेलं असतं, त्यामुळे प्रतिवादीने त्याच्यावर उलट दावा केला तरी वादीला रिमूव्हल करता येत नाही.

१. समन्स मिळालं त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा

समन्स आणि दाव्याची प्रत रीतसर बजावली गेली की ३० दिवसांची मुदत सुरू होते. बजावणीचा दिवस धरायचा नाही, दुसऱ्या दिवसापासून मोजायचं. शनिवार-रविवार मोजायचे. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तरच मुदत पुढच्या कामाच्या दिवसावर जाते. ही मुदत कोर्ट वाढवून देत नाही, आणि दोन्ही पक्षांच्या वकिलांनी आपसात ठरवूनही ती वाढत नाही.

वादीच्या वकिलाने सौजन्य म्हणून आधी ईमेलने प्रत पाठवली असेल तर तिने मुदत सुरू होत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये मर्फी ब्रदर्स खटल्यात हे स्पष्ट केलं. तिथे प्रत फॅक्सने आली होती. तरी त्या ईमेलची तारीख टिपून ठेवा आणि तयारीला लागा.

कंपनीच्या बाबतीत जास्त सांभाळायला हवं. समन्स बहुधा तुमच्या वतीने कोर्टाचे कागद घेण्यासाठी तुम्ही नेमलेल्या रजिस्टर्ड एजंटकडे जातं, आणि त्याच्या हातात पडलं तो दिवस तुमचा धरला जातो. एजंटने ते आठवड्याने पुढे पाठवलं, तर तो आठवडा तुमचाच गेला. बऱ्याच जणांनी एलएलसी काढताना वर्षाला थोडे डॉलर घेणारी ऑनलाइन एजंट सेवा घेतलेली असते आणि तिच्याकडे नोंदवलेला ईमेल पत्ता जुना असतो. हा लेख वाचताना तुमच्यावर कुठलाही दावा नसला तरी तो पत्ता आजच तपासून घ्या.

दुसरं घड्याळही चालू असतं, ते म्हणजे स्टेट कोर्टात कैफियत (दाव्याचं लेखी उत्तर) देण्याची मुदत. पेनसिल्व्हेनियात ती २० दिवसांची आहे, न्यू जर्सीत ३५. रिमूव्हलला ३० दिवस आहेत म्हणून पेनसिल्व्हेनियात कोणी २८ व्या दिवसापर्यंत थांबला, तर स्टेट कोर्टातली त्याची कैफियतीची मुदत उलटून गेलेली असते आणि वादी एकतर्फी निकालाच्या मागे लागू शकतो. कॅलेंडरवर दोन्ही तारखा लिहा आणि आधी येणारी तारीख डोळ्यासमोर ठेवून काम करा.

याच दिवशी आणखी एक काम उरका: धंद्याचा विमा असेल तर विमा कंपनीला लेखी कळवा. पॉलिसीत असा दावा बसत असेल तर वकील बहुधा तीच देते. उशिरा कळवलं तर ती जबाबदारी नाकारू शकते.

२. दाव्यात फेडरल कायदा आहे का ते पाहा

फेडरल कोर्टात कुठलाही दावा चालत नाही. आत जायला मुख्यतः दोन दारं आहेत. पहिलं दार फेडरल प्रश्नाचं, कलम १३३१. वादीची मागणीच केंद्रीय कायद्यावर उभी असेल, म्हणजे ओव्हरटाइमच्या पगाराचा फेडरल कायदा, नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा टायटल सेव्हन, कॉपीराइट वगैरे, तर रकमेची अट नाही आणि कोण कुठल्या राज्याचा हेही पाहायचं नाही. एक मागणी फेडरल असली की त्याच घटनांतून निघालेल्या राज्य कायद्याच्या मागण्याही सोबत जातात.

कोर्ट इथे फक्त वादीने काय मागितलं आहे ते बघतं. तुमच्या बचावात फेडरल कायदा आहे, एवढ्यावर दावा नेता येत नाही. हा नियम मॉटली दाम्पत्याच्या १९०८ च्या खटल्यापासून पक्का आहे. १८७१ मधल्या रेल्वे अपघातात जखमी झालेल्या या नवरा-बायकोला रेल्वे कंपनीने तडजोड म्हणून जन्मभराचे मोफत पास दिले होते. पुढे केंद्राने मोफत पासांवर बंदी आणली, कंपनीने पास बंद केले, आणि मॉटलींनी दावा लावला. त्यांची मूळ मागणी कराराची होती. फेडरल कायदा कंपनीच्या बचावात येणार होता. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एवढ्याने फेडरल कोर्टाला अधिकार येत नाही.

याचा आजचा अर्थ साधा आहे. कर्मचाऱ्याने न्यू जर्सीच्या भेदभावविरोधी कायद्याखालीच दावा लावला आणि टायटल सेव्हनचा आधार घेतला नाही, तर हे दार बंद. दाव्यातला प्रत्येक ‘काउंट’, म्हणजे प्रत्येक स्वतंत्र मागणी, वाचा आणि कोणत्या कायद्याखाली आहे ते समोर लिहा. नोकरीतर्फे मिळालेल्या आरोग्य विम्याच्या लाभाचे दावे थोडे निराळे आहेत. एरिसा नावाचा फेडरल कायदा ते क्षेत्र इतकं व्यापतो की राज्य कायद्याचं नाव घेऊन केलेला दावाही बऱ्याचदा फेडरल ठरतो. तसं काही असेल तर वकिलाला मुद्दाम विचारा.

३. नागरिकत्वाचा हिशोब मांडा

दुसरं दार डायव्हर्सिटीचं, कलम १३३२. वादी आणि प्रतिवादी वेगवेगळ्या राज्यांचे नागरिक असले पाहिजेत आणि वादातली रक्कम ७५,००० डॉलरपेक्षा जास्त असली पाहिजे. आमचा दावा याच दाराने गेला. आपल्या लोकांची गफलत सगळ्यात जास्त इथेच होते, कारण आपल्या एकाच घरात ग्रीन कार्ड, एच-वन, अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय असे चार प्रकार सापडतात.

एकेक प्रकार बघू.

अमेरिकन नागरिक ज्या राज्यात कायमचं राहण्याच्या इराद्याने राहतो त्या राज्याचा तो नागरिक. नुसता पत्ता पुरत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी, राज्याचा टॅक्स रिटर्न, घर, कुटुंब या सगळ्यावरून इरादा ठरतो.

एच-वन किंवा तशा व्हिसावर असलेला भारतीय परदेशी नागरिक धरला जातो. अमेरिकन नागरिक असलेल्या वादीविरुद्ध त्याला डायव्हर्सिटी मिळते. पण दोन्ही बाजूंना परदेशी नागरिकच असतील तर मिळत नाही. एडिसनमधला भारतीय नागरिक आणि डॅलसमधला भारतीय नागरिक भागीदारीवरून भांडले तर राज्यं दोन असूनही या दाराने आत जाता येत नाही.

ग्रीन कार्डवाला कागदोपत्री परदेशीच. मात्र तो आणि समोरचा अमेरिकन नागरिक एकाच राज्यात स्थायिक असतील तर डायव्हर्सिटी नाही, असं कलमातच लिहिलं आहे. न्यू जर्सीत घर केलेला ग्रीन कार्डवाला न्यू जर्सीच्याच नागरिकाविरुद्ध ‘मी तर भारतीय’ म्हणून फेडरल कोर्टात जाऊ शकत नाही.

आता सगळ्यात अनपेक्षित प्रकार. अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड घेऊन जो माणूस कायमचा पुण्यात किंवा नाशकात राहायला गेला, तो अमेरिकन आहे पण कुठल्याच राज्याचा नागरिक नाही, आणि परदेशी नागरिकही नाही. डायव्हर्सिटीच्या हिशोबात त्याला जागाच नाही. सुप्रीम कोर्टाने १९८९ च्या न्यूमन-ग्रीन खटल्यात व्हेनेझुएलात राहणाऱ्या एका अमेरिकन प्रतिवादीबद्दल हेच सांगितलं. असा एक पक्षकार दाव्यात असला तरी डायव्हर्सिटी मोडते. थोड्या महिन्यांसाठी आई-वडिलांकडे गेलेल्याची गोष्ट वेगळी. त्याचा इरादा परतण्याचा असतो, त्यामुळे राज्य सुटत नाही.

कॉर्पोरेशनला दोन राज्यांचं नागरिकत्व असू शकतं: जिथे नोंदणी झाली ते, आणि जिथे मुख्य कारभार चालतो ते. मुख्य कारभार म्हणजे जिथून वरिष्ठ अधिकारी कंपनी चालवतात ते ठिकाण, असं २०१० च्या हर्ट्झ खटल्यात ठरलं. नोंदणी डेलावेअरची आणि मुख्यालय टेक्ससचं असेल तर ती कंपनी दोन्ही राज्यांची.

एलएलसीला हा नियम लागू नाही. एलएलसी जिथे नोंदली ते राज्य इथे बघतच नाहीत. तिच्या प्रत्येक सभासदाचं नागरिकत्व तिला चिकटतं, आणि सभासद दुसरी एलएलसी असेल तर तिच्याही सभासदांपर्यंत उतरावं लागतं. वकिलाने आमच्याकडे पहिला कागद मागितला तो सभासदांमधल्या कराराचा, म्हणजे ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंटचा, आणि सोबत प्रत्येक सभासदाचा पासपोर्ट, राहतं ठिकाण आणि तिथे कधीपासून ही माहिती. आमच्या एलएलसीत पुण्यातल्या मेहुण्याचा छोटा हिस्सा आहे. दहा टक्केसुद्धा नाही. वकिलाचा पहिला प्रश्न त्याच्याबद्दलच होता: पासपोर्ट कुठला? मेहुण्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, म्हणून तो परदेशी नागरिक धरला गेला आणि आमचं काम झालं. त्याच्याकडे अमेरिकन पासपोर्ट असता तर त्या छोट्या हिश्श्यापायी आमची डायव्हर्सिटी गेली असती. नातेवाइकांचे पैसे घेऊन एलएलसी काढणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

हे नागरिकत्व दोन वेळांना जुळलेलं लागतं: स्टेट कोर्टात दावा लागला तेव्हा, आणि तुम्ही नोटीस दाखल करता तेव्हा. मध्येच दुसऱ्या राज्यात घर बदलून उपयोग नाही.

४. स्वतःच्या राज्यात दावा लागला असेल तर थांबा

डायव्हर्सिटीचा मूळ हेतू परक्या राज्यातल्या माणसाला तिथल्या स्थानिक कलापासून वाचवण्याचा. म्हणून कलम १४४१ मध्ये एक अडसर आहे: दावा ज्या राज्यात लागला त्याच राज्याचा नागरिक असलेला प्रतिवादी रीतसर दाव्यात असेल आणि त्याच्यावर समन्स बजावलं गेलं असेल, तर डायव्हर्सिटीच्या आधारे रिमूव्हल करता येत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या वादीने आमच्यावर न्यू जर्सीच्या कोर्टात दावा लावला असता तर आम्हाला तिथेच लढावं लागलं असतं. फेडरल प्रश्नाच्या दाव्याला हा अडसर लागू नाही.

समन्स बजावलं जाण्याआधीच घाईने रिमूव्हल करून हा अडसर चुकवण्याची युक्ती काही सर्किटमध्ये (फेडरल अपील कोर्टांच्या विभागांत) चालते. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी ज्यात येतात त्या तिसऱ्या सर्किटने ती २०१८ मध्ये मान्य केली. देशभर ती सारखी मानली जात नाही. वकिलाने स्वतःहून सुचवली तरच विचार करा.

काही दावे मुळातच हलवता येत नाहीत. राज्याच्या कायद्याखालची कामगार नुकसानभरपाई आणि रेल्वे कामगारांचे इजेचे दावे त्यात येतात (कलम १४४५).

५. रक्कम ७५,००० च्या वर जाते का ते दाखवा

नेमके ७५,००० असले तरी चालत नाही. त्याहून जास्त हवेत. व्याज आणि कोर्टखर्च धरायचा नाही. वकिलाची फी करारात किंवा कायद्यात वसूल करण्याजोगी असेल तर ती धरता येते.

दाव्यात आकडा लिहिलेला असेल तर सहसा तोच मानतात. अडचण तिथे येते जिथे राज्याचे नियमच आकडा लिहू देत नाहीत. कॅलिफोर्नियात शारीरिक इजेच्या दाव्यात आणि न्यू जर्सीत नक्की न झालेल्या नुकसानीच्या दाव्यात तसंच आहे. अशा वेळी नोटिशीत तुम्हीच रक्कम मांडायची: इनव्हॉइस, हॉस्पिटलची बिलं, दाव्याआधी आलेलं मागणीपत्र. सुरुवातीला पुरावा जोडायची सक्ती नाही, पटण्यासारखं विधान पुरतं, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये डार्ट चेरोकी खटल्यात सांगितलं. वादीने हरकत घेतली तर मात्र पुरावा द्यावा लागतो, तेव्हा तो आधीच गोळा करून ठेवा.

दावा सुरुवातीला नेण्यासारखा नसेल आणि नंतर दुरुस्त दाव्यातून, वादीच्या लेखी उत्तरातून किंवा कोर्टाच्या हुकुमातून तो तसा झाला, तर तो कागद मिळाल्यापासून नवे ३० दिवस मिळतात. डायव्हर्सिटीच्या दाव्याला मात्र सुरुवातीपासून एका वर्षाची कमाल मर्यादा आहे. वादीने रिमूव्हल टाळायला मुद्दाम लबाडी केली असेल तरच ती ओलांडता येते.

६. न्यावाच का, याचा विचार करा

माझं स्पष्ट मत: नेता येतो म्हणून न्यायलाच हवा असं अजिबात नाही. फेडरल कोर्टात मुदती कडक असतात, सुरुवातीलाच दोन्ही बाजूंना साक्षीदार आणि कागदांची माहिती आपणहून द्यावी लागते, आणि वकिलाचा खर्च बहुधा वाढतो. रक्कम मर्यादेच्या जेमतेम वर असेल आणि तुमचा वकील त्या काउंटी कोर्टात रोज उभा राहणारा असेल, तर तिथेच लढणं शहाणपणाचं ठरू शकतं.

नेण्याची कारणंही भक्कम आहेत. ज्युरी एका काउंटीपुरती न राहता मोठ्या भागातून येते. दोन्ही पक्षांनी वेगळं ठरवलं नसेल तर तिचा निकाल एकमताचा लागतो. न्यायाधीश आजन्म नेमलेले असतात, त्यांना निवडणूक लढवायची नसते. पेनसिल्व्हेनियात काउंटी कोर्टाचे न्यायाधीश निवडून येतात. आणि पोकळ दावा सुरुवातीलाच काढून टाकण्याचा अर्ज फेडरल कोर्टात बऱ्याचदा जास्त गांभीर्याने ऐकला जातो. आमच्या बाबतीत वादी त्या काउंटीतला जुना, माहितीतला उद्योग होता आणि आम्ही बाहेरचे. त्यामुळे निर्णय अवघड नव्हता.

ठरवण्याआधी मूळ करार काढून वाचा. ‘अमुक काउंटीच्या स्टेट कोर्टातच वाद चालेल’ असं कलम त्यात असेल तर रिमूव्हलचा हक्क तुम्ही सही करतानाच सोडलेला असू शकतो. लवादाचं कलम आहे का तेही बघा.

ठरेपर्यंत स्टेट कोर्टात मोठी पावलं टाकू नका. मुदत वाढवून मागणं चालतं. पण दावा रद्द करण्याचा अर्ज करून त्यावर निकाल घेतला, तर तुम्ही स्टेट कोर्ट मान्य केलं असा अर्थ काढला जाऊ शकतो.

७. सहप्रतिवादींची लेखी संमती घ्या

ज्यांच्यावर समन्स बजावलं गेलं आहे त्या सगळ्या प्रतिवादींची संमती लागते. एकाने नकार दिला तर रिमूव्हल अडतं. ‘त्यांची हरकत नाही’ असं तुमच्या वकिलाने लिहिणं काही कोर्टांत चालतं, काहींत चालत नाही. प्रत्येकाची किंवा त्याच्या वकिलाची सही असलेला वेगळा कागद जोडला की प्रश्नच राहत नाही. प्रत्येक प्रतिवादीला स्वतःच्या बजावणीपासून ३० दिवस मिळतात. शेवटी समन्स मिळालेल्याने रिमूव्हल केलं, तर ज्याची मुदत संपली तोही त्यात सामील होऊ शकतो.

८. कागदपत्रं जमवा

फेडरल कोर्टात लागतात ती:

- रिमूव्हलची नोटीस, वकिलाच्या किंवा तुमच्या सहीची
- तुम्हाला बजावलेले सगळे कागद: समन्स, दावा, जोडपत्रं, स्टेट कोर्टाचे हुकूम
- सहप्रतिवादींच्या संमती
- सिव्हिल कव्हर शीट, म्हणजे जेएस ४४ नमुना
- फेडरल दिवाणी प्रक्रिया नियमांतल्या नियम ७.१ खालचं निवेदन. डायव्हर्सिटीच्या दाव्यात पक्षकाराचं, आणि एलएलसी असेल तर प्रत्येक सभासदाचं नागरिकत्व त्यात लिहावं लागतं
- ४०५ डॉलर फी

स्वतःच्या फाइलसाठी स्टेट कोर्टाची पूर्ण डॉकेट यादी (दाव्यातल्या सगळ्या नोंदींची), बजावणीची तारीख दाखवणारा कागद, ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट आणि मूळ करार जवळ ठेवा. इंटरनेटवर जुने नमुने फिरतात, त्यात ‘रिमूव्हलची याचिका’ आणि जामिनाचा बाँड असतो. आता दोन्ही लागत नाहीत. त्याऐवजी त्या डिस्ट्रिक्टचे (फेडरल कोर्टाच्या विभागाचे) लोकल रूल्स उघडून बघा, प्रत्येक ठिकाणी एखादा जास्तीचा फॉर्म असतोच.

एक गोष्ट ठळक सांगतो. फेडरल कोर्टात कंपनी वकिलाशिवाय उभी राहू शकत नाही, मग ती एकट्या माणसाची एलएलसी का असेना. व्यक्ती स्वतःची बाजू स्वतः मांडू शकते, कंपनी नाही. मालकाने स्वतः सही करून कंपनीची नोटीस दाखल केली आणि नंतर वकील शोधला, तर मधले दिवस धोक्यात जातात.

९. नोटीस लिहा

कायदा ‘थोडक्यात आणि साधं’ विधान मागतो, पण थोडक्यात म्हणजे मोघम नाही. दावा कुठे, कोणत्या नंबरने, कधी लागला, समन्स कधी मिळालं आणि ३० दिवस अजून कसे उलटले नाहीत, फेडरल अधिकार कोणत्या कलमाखाली, प्रत्येक पक्षकाराचं नागरिकत्व, रक्कम, संमती, आणि योग्य डिस्ट्रिक्ट.

नागरिकत्वाच्या परिच्छेदात बहुतेक नोटिसा लंगड्या पडतात. ‘प्रतिवादी न्यू जर्सीत राहतो’ हे अपुरं. ‘प्रतिवादी न्यू जर्सीचा नागरिक आहे’ असं हवं. ‘एबीसी एलएलसी ही न्यू जर्सीची कंपनी आहे’ हेही अपुरं. सभासदांची नावं आणि प्रत्येकाचं नागरिकत्व हवं. आमच्या नोटिशीत मेहुण्यासाठी वेगळं वाक्य होतं: तो भारताचा नागरिक आहे, भारतात राहतो, अमेरिकेचा कायम रहिवासी नाही.

डिस्ट्रिक्टही नीट ठरवा. स्टेट कोर्ट ज्या भागात आहे तिथलंच फेडरल कोर्ट लागतं. न्यू जर्सी एकच डिस्ट्रिक्ट आहे. पेनसिल्व्हेनियात तीन, न्यूयॉर्क, टेक्सस आणि कॅलिफोर्नियात प्रत्येकी चार. समन्सवर ‘सुप्रीम कोर्ट ऑफ द स्टेट ऑफ न्यूयॉर्क’ दिसलं तर दचकू नका. न्यूयॉर्कमध्ये दिवाणी दावे सुरू होतात त्या नेहमीच्या कोर्टाचंच ते नाव आहे.

१०. दाखल करा आणि त्याच दिवशी कळवा

वकील सीएम-ईसीएफ या ऑनलाइन यंत्रणेतून दाखल करतो. तुम्ही स्वतः बाजू मांडत असाल तर बऱ्याच कोर्टांत परवानगीशिवाय ऑनलाइन दाखल करता येत नाही, कागद घेऊन क्लर्कच्या खिडकीवर जावं लागतं. तेव्हा शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑनलाइन करू, असा बेत आखू नका.

केस नंबर मिळाला की दोन कामं लगेच करायची. वादीच्या वकिलाला लेखी कळवायचं, आणि नोटिशीची प्रत स्टेट कोर्टाच्या क्लर्ककडे दाखल करायची. हे दुसरं झालं की रिमूव्हल पूर्ण होतं आणि स्टेट कोर्टाचे हात बांधले जातात. तोवर तिथे एखादा हुकूम निघू शकतो. पेनसिल्व्हेनियाच्या काउंटीत दिवाणी कागद घेणाऱ्या अधिकाऱ्याला प्रोथोनोटरी म्हणतात. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत काम पडलेल्यांना हा हुद्दा ओळखीचा वाटेल. आमच्या वकिलाने फेडरल नोटिशीवरचा केस नंबर आणि तारखेचा ठसा दिसेल अशी प्रत प्रोथोनोटरीकडे दिली आणि तिची पोच फाइलला लावली. ती पोच तुम्हीही मागून घ्या.

११. पुढचे दिवस

रिमूव्हल झालं म्हणजे कैफियतीतून सुटका झाली, असं समजणारे बरेच अडकतात. आधी कैफियत दिली नसेल तर फेडरल दिवाणी प्रक्रिया नियमांतल्या नियम ८१ प्रमाणे दाव्याची प्रत मिळाल्यापासून २१ दिवस, समन्स बजावल्यापासून २१ दिवस, किंवा रिमूव्हलपासून ७ दिवस, यांतली जी तारीख सगळ्यात उशिरा येते ती मुदत. बजावणीनंतर दोन-तीन आठवडे उलटून रिमूव्हल केलं असेल तर हातात फक्त ७ दिवस राहतात. कैफियत आधीच लिहून तयार ठेवा. ज्युरी हवी असेल तर ती मागणीही त्यातच टाका, कारण तिची १४ दिवसांची मुदत सहज निसटते. स्टेट कोर्टाने आधी दिलेले हुकूम फेडरल कोर्ट बदलेपर्यंत चालू राहतात, हेही ध्यानात असू द्या.

वादी आता रिमांड मागू शकतो, म्हणजे दावा परत स्टेट कोर्टात पाठवा असा अर्ज. संमती राहिली, मुदत चुकली, कागद अपुरे, अशा दोषांवर त्याला नोटिशीपासून ३० दिवसांतच अर्ज करावा लागतो. कोर्टाला मुळात अधिकारच नव्हता, हा मुद्दा मात्र अंतिम निकालापर्यंत कधीही निघू शकतो, आणि न्यायाधीश स्वतःहूनही काढतात. म्हणूनच मेहुण्याच्या पासपोर्टसारखी गोष्ट पहिल्याच आठवड्यात तपासायची. ती दोन वर्षांनी निघाली तर तोवरचं सगळं काम वाया जाऊ शकतं.

वादीच्या हातात आणखी एक उपाय आहे. दावा फेडरल प्रश्नावर नेला असेल तर तो दुरुस्ती करून फेडरल मागण्या काढून टाकू शकतो. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये रॉयल कॅनिन खटल्यात ठरवलं की तसं केल्यावर फेडरल कोर्टाचा अधिकार उरत नाही आणि दावा परत जातो. डायव्हर्सिटीच्या दाव्यात रिमूव्हलनंतर मागणीचा आकडा ७५,००० च्या खाली आणून मात्र दावा परत जात नाही. या फरकाबद्दल दार निवडताना वकिलाशी बोला. दोन्ही आधार असतील तर नोटिशीत दोन्ही लिहा.

रिमूव्हलला वाजवी आधारच नव्हता असं दिसलं, तर रिमांडसोबत वादीच्या वकिलाची फी तुमच्यावर बसू शकते. आणि रिमांडच्या हुकुमावर, थोडे अपवाद वगळता, अपील नाही. तसा हुकूम झालाच तर फेडरल कोर्टाचा क्लर्क त्याची प्रमाणित प्रत स्टेट कोर्टाला पाठवतो आणि दावा तिथे पुन्हा सुरू होतो. त्या दिवशी वकिलाला पहिला प्रश्न हा विचारा: स्टेट कोर्टात कैफियत द्यायला आता किती दिवस उरले? राज्याराज्यात हा हिशोब वेगळा आहे, आणि एकतर्फी निकालाचा धोका पुन्हा तिथूनच सुरू होतो.